आईच्या उजव्या हाताला

गल्लीत त्याला लहानथोर सगळे काजवा म्हणत. नाव स्टुडिओच्या मालकाने ठेवलेलं. एकेचाळीस वर्षं हा माणूस आठ बाय सहाच्या एका खोलीत, दार बंद करून, लाल दिव्याखाली दुसऱ्यांचे चेहरे छापत होता. बाहेर ऊन आहे की ढग, हे त्याला जेवायच्या सुट्टीत कळायचं. कुणी हाक मारली तर आतून आवाज यायचा, "थांबा, माणसं पाण्यात आहेत." कागदावरचे चेहरे औषधाच्या ताटलीत हळूहळू वर येत असायचे, त्यांना अर्ध्यात सोडून दार उघडता येत नसे. "तुझी माणसं पाण्यात आणि माझी दारात," मालक ओरडायचा, "आवर की रे काजव्या!"

त्या औषधांनी त्याची बोटं तपकिरी झाली ती कायमची. अंगालाही आंबूस वास. बायको म्हणायची, "फोटोच्या दुकानातला नवरा म्हणजे अत्तराचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो न धुतलेल्या बरणीचा."

स्टुडिओ बंद पडला, मालक गेला, आणि म्हातारपणी काजव्याला एक नवाच नाद लागला. लोक जुने फोटो घेऊन यायचे आणि तो ते वाचून दाखवायचा. सुरुवात शेजारच्या नर्सबाईंपासून झाली. त्यांनी आजीआजोबांचा फोटो सहज दाखवला, तर हा म्हणाला, "आजी खुर्चीत, आजोबा उभे. घरात कुणाचं चालायचं ते कळलं. पण आजोबांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, आजीच्या खांद्यावर नाही. त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलेलं असणार." नर्सबाई हसून हसून वाकल्या, आणि मग सरळ होत म्हणाल्या, "खरंय हो. दोघं महिना महिना बोलायचे नाहीत." झालं, गल्लीत बोभाटा झाला. काजवा मेलेल्या माणसांच्या मनातलं सांगतो!

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. फोटो काढताना हात कुठे ठेवायचा हे माणसाला कधीच सुचत नाही. ते फोटोग्राफर सांगतो. हनुवटी वर, खांदे सैल, श्वास धरा. खांद्यावर हात ठेवला की कोटाला चुणी पडते, म्हणून तो खुर्चीवर जातो. हातात पुस्तक देतात ते नखं काळी असली म्हणून. पुढे घरचे लोक त्या पुस्तकाला विद्या म्हणतात आणि खुर्चीवरच्या हाताला अबोला. काजव्याला हे माहीत होतं, तरी तो वाचायचा. लोकांना अर्थ हवा असायचा. आणि जन्मभर अंधारात बसलेल्या माणसाला, चार जणांनी समोर बसून आपलं ऐकावं, हे गोड लागायचं.

"फोटो वाचतात म्हणे," बायको शिलाई मशीनवरून म्हणायची. "औषधाच्या बाटलीवरचं वाचायला मात्र मी लागते."

एका मंगळवारी सकाळी एक माणूस जिना चढून वर आला. साठीला टेकलेला, अंगठ्यावर घट्टे. चौकात त्याची किल्ल्या बनवायची टपरी होती. काजव्याने घराच्या दाराची किल्ली त्याच्याकडूनच करून घेतली होती, हे बोलता बोलता निघालं.

"चालते ना नीट?" किल्लीवाल्याने विचारलं.

"जरा हिसका द्यावा लागतो," काजव्याची बायको म्हणाली.

"मग कुलूप म्हातारं झालंय काकू. किल्ली तरुण आहे."

त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला आणि काजव्याच्या मांडीवर ठेवला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा फोटो. मधे खुर्चीत शाल पांघरलेली एक बाई, हात मांडीवर. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना सहासहा वर्षांचे दोन मुलगे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे सारखे. जुळे. काजव्याने फोटो उलटा केला. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का होता, आणि खाली शाईने लिहिलेलं: 'आईच्या उजव्या हाताला थोरला, डाव्या हाताला धाकटा.'

अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

"हा धाकटा म्हणजे मी," किल्लीवाला म्हणाला. "दहा मिनिटांनी धाकटा. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई ऑपरेशनला दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. तुमच्या दुकानातून फोटो मावशीनं आणला. आईनं तो पाहिलाच नाही. तिचा दुसरा फोटोही नाही. इतकी वर्षं हा थोरल्याकडे होता. आता तो गाव सोडून लेकीकडे चाललाय, शनिवारी, कायमचा. त्यानं कुणाच्या तरी हाती हा धाडून दिला. चिठ्ठी काय, तर 'तुझ्याकडे असू दे.' अकरा वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आता 'असू दे'."

"तुम्हाला काय करून हवंय?" काजव्याने विचारलं.

"आईला एकटीला वेगळी काढून द्या. आम्ही दोघं नकोत. पण आधी वाचा. तुम्ही वाचता असं ऐकलंय."

काजव्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग सुरुवात केली. बाई खुर्चीच्या कडेशी बसली आहे, पाठ टेकलेली नाही. दुखणं पाठीत किंवा पोटात असावं. मुलांचे बूट नवे आहेत, बहुतेक फोटोसाठीच घेतलेले. दोघांच्या केसांना तेल एकाच हाताने लावलंय.

"आणि मान?" किल्लीवाला म्हणाला.

फोटोतल्या बाईची मान एका बाजूला कललेली होती, तिच्या उजव्या हाताच्या मुलाकडे. तो मुलगा जणू तिच्या कानात काही सांगणार होता. दुसरा नुसताच उभा होता, आणि त्याच्या गालावर खिडकीचं ऊन पडलं होतं.

"थकलेली असेल," काजवा म्हणाला. "आजारी माणसाची मान झुकते."

"थकलेली मान पुढे पडते, काका. बाजूला नाही." किल्लीवाला हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मावशी म्हणायची, मरणाच्या दारातल्या माणसाला सोंग जमत नाही. बघा कुणाकडे झुकली. रोज दिवा लावताना म्हणायची. थोरल्यानं पाटी फोडली तरी मावशी त्याला जवळ घ्यायची. आईचा होता ना तो! मी मात्र गालावर ऊन घेऊन उभा."

एवढ्यात काजव्याची बायको उठून आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून फोटो पाहू लागली.

"अगं बाई, हे सदरे कुणी शिवले? काजांची पट्टी उलट्या बाजूला! अशी बायकांच्या कपड्यांना असते. मुलग्यांच्या सदऱ्याला दुसरीकडून."

पन्नास वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट बायकोने एका नजरेत उघडी केली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आता बोलायचं होतं. दार आपण होऊन उघडलं होतं.

"तेव्हा तशी पद्धत असेल," तो म्हणाला.

"कसली पद्धत? सदरे शिवून शिवून माझे डोळे गेले, मला सांगता?"

"उतरलेले असतील काकू," किल्लीवालाच म्हणाला. "आम्हाला मावसबहिणींचे जुने कपडे यायचे. मुलींचेच असणार."

आणि काजव्याने मान हलवली. हो, तसंच असेल. फोटो ठेवून घेतला, गुरुवारी देतो म्हणाला. किल्लीवाला जिना उतरताना म्हणाला, "काकू, कुलपात तेल घाला दोन थेंब," आणि गेला.

दुपारी काजवा जेवला नाही. फोटो टेबलावर पालथा ठेवून, स्वतःच्याच अक्षराकडे बघत बसला.

निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. छापताना मंद बाजू खाली, कागदाकडे यायला हवी. ती वर राहिली तर सगळं आरशातल्यासारखं होतं, उजवं डावीकडे जातं आणि डावं उजवीकडे. लाल दिव्याच्या उजेडात बाजू नीट दिसत नाही, म्हणून त्याच्या धंद्यातले लोक निगेटिव्हचा कोपरा ओठाला लावत. मंद बाजू ओठाला किंचित चिकटते. हजारो वेळा त्याने असं केलं होतं. त्या आठवड्यात थंडीने त्याचे ओठ फुटले होते, रक्त येत होतं. निगेटिव्हला डाग पडेल म्हणून त्याने ओठ लावला नाही. अंदाजाने ठेवलं, छापलं, वाळवलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं, आणि फोटो काढताना मालकाने वहीत जे टिपून ठेवलं होतं ते बघून मागे लिहिलं. आईच्या उजव्या हाताला थोरला. वहीतलं खरं होतं. फोटो उलटा होता. ज्या मुलाकडे आई झुकली होती तो धाकटा होता.

कळलं ते दोन दिवसांनी. स्टुडिओच्या खुर्चीचा डावा हात टोकाशी तुटका होता, आणि दुकानात ठेवून घेतलेल्या प्रतीत तो उजवा दिसत होता. तोवर मावशी फोटो घेऊन गेली होती. त्याने मालकाला सांगितलं.

"आई तीच ना? मुलं तीच ना?" मालक म्हणाला. "दोघं एका साच्यातले. कोण बघतंय! आजारी बाईच्या घरी जाऊन 'चूक झाली' म्हणून सांगतोस? गप बस."

तो गप्प बसला. मालकाने 'गप बस' म्हटलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि पुढे आयुष्यभर चुकीपेक्षा ते बरं वाटणंच जास्त टोचत राहिलं.

आणि एवढंच असतं तरी बरं. फोटो काढला त्या दिवशी तो स्वतः तिथे होता, उजेड परतवायचा पांढरा फळा धरून उभा. खांब आणि बाग रंगवलेला मागचा पडदा मधोमध फाटलेला होता. आईचं डोकं सरळ राहिलं की शेजारून भोक दिसायचं. "बाई, मान जरा डावीकडे," मालक म्हणाला. "अजून. अजून थोडी. बस्स, आता हलू नका." बाईने सांगितलं तसं केलं. ती ना थोरल्याकडे झुकली होती ना धाकट्याकडे. ती पडद्याच्या भोकावर झुकली होती.

"सदऱ्याचं काय ते आता सांगा," बायको चहा ठेवत म्हणाली. "तुम्ही मघाशी खोटं बोललात. खोटं बोललात की तुमचा कान हलतो."

त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बावन्न वर्षं माझ्या शेजारी झोपलात आणि हे पोटात?"

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं की तुम्ही झोपेत मान का हलवता." तिने चहाचा कप पुढे सरकवला. "उद्या जा त्याच्याकडे. मी नाही जाणार तुमच्या वतीनं. एरवी सगळीकडे मलाच पुढे करता."

बुधवारी सकाळी तो टपरीवर गेला. किल्लीवाला कानस चालवत होता. काजव्याने उभ्या उभ्याच सांगितलं, फोटो उलटा छापला गेला ते. ओठांचं, खुर्चीचं, मालकाचंही. पडद्याचं सांगणार होता, पण किल्लीवाल्याचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

"म्हणजे किल्ली उलटी कापली," किल्लीवाला सावकाश म्हणाला. "दात सगळे बरोबर, बाजू चुकीची."

"हो."

"म्हणजे ती माझ्याकडे..."

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. तोंडावरून हात फिरवला. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यावर एकदम सहा वर्षांचं काहीतरी आलं, आणि लगेच त्याच्यावर दुसरं काहीतरी चढलं, धारदार.

"चला," तो म्हणाला आणि टपरीची फळी धाडकन पाडली. "त्याच्या तोंडावर सांगायचं. जाण्याआधी कळू दे त्याला, आई कुणाची होती ते. साक्षीला तुम्ही."

"अहो, पण अजून एक..."

"चला म्हणतो ना!"

थोरला दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत होता. शाळेत घंटा द्यायची नोकरी करून निवृत्त झालेला. खोलीत दोऱ्या बांधलेली खोकी, गुंडाळलेल्या गाद्या, भिंतीवर खिळा आणि खिळ्याखाली फोटोएवढा पांढरा चौकोन. दार उघडल्यावर दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचं टक्कल एकाच जागी पडलं होतं.

"ये," थोरला म्हणाला. "बसायला जागा नाही. खोक्यावर बस."

"बसायला नाही आलो. हे फोटो छापणारे. सांगा हो यांना."

काजव्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. थोरला मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी खिडकीकडे होतो. बाहेर कुत्रं भुंकत होतं, मी सारखा वळायचो आणि तो फोटोवाला ओरडायचा. तुला झोप आली होती, तुला नाही आठवणार. ज्याच्या गालावर ऊन आहे तो मी." तो खोक्याच्या दोरीची गाठ चाचपत राहिला. "मावशीनं मागचं वाचून दाखवलं तेव्हा मी बोलणार होतो. आईशपथ बोलणार होतो. पण तिनं मला कुशीत घेतलं. म्हणाली, बघ, आई तुझ्याकडे झुकली. आई जाऊन महिना झाला होता रे. कुशीतून बाहेर येववेना. म्हटलं उद्या सांगू. मग उद्याचा परवा झाला."

"बावन्न वर्षांचा परवा?" धाकट्याचा आवाज फाटला. "आणि मी घर सोडून गेलो तेव्हा? तेव्हा तरी?"

"तेव्हा तर जीभ झडली होती. म्हणून आता फोटो धाडला. तुझा होता. चिठ्ठीत लिहिणार होतो, पण लिहवलं नाही."

धाकटा खोक्यावर बसला. दुसऱ्या खोक्यावर थोरला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काजवा दाराशी उभा होता. इथेच निघून जावं, असं त्याला फार वाटलं. धाकट्याला आई मिळाली होती, थोरल्याचं ओझं उतरलं होतं. पण हे सगळं पुन्हा त्याच्या एका गप्प बसण्यावर उभं राहणार होतं. गप्प बसल्याने काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं.

"अजून एक आहे," तो म्हणाला. आणि पडद्याचं सांगितलं. भोक. 'मान जरा डावीकडे.' 'अजून थोडी.'

दोघांनी एकदमच मान वर केली.

"म्हणजे?" थोरला म्हणाला. "आमची आई तुमच्या पडद्याचं ठिगळ?"

"काल खोटं बोललात," धाकटा उठला. "सकाळी अर्धं खरं. आता हे! उद्या म्हणाल, खुर्चीत आई नव्हतीच."

"मी फक्त जे झालं ते..."

"तुम्ही तेव्हा बोलायचं ते बोलला नाहीत, आणि आता कुणी विचारलं नसताना बोलताय," थोरला म्हणाला. "मान तिची होती. त्यानं सांगितलं म्हणून झुकली असेल. पण समजा, मी त्या बाजूला असतो तर? तिनं मान वळवली असती का, सांगा बघू!"

"अरे, तिनं का नसती वळवली? तुझ्याकडेही वळवली असती!" धाकटा भावाकडे वळून म्हणाला. मग काजव्याकडे. "तुम्ही निघा, काका. तुमच्या पाया पडावं असं तुमचं वय आहे म्हणून हात उचलत नाही."

"निघा," थोरला म्हणाला. "आणि तो फोटो कापायचा नाही. आम्ही येऊन घेऊन जाऊ."

"कापला तर बघा," धाकटा म्हणाला.

दार बंद झालं. काजवा कठडा धरून उतरू लागला. वरून दोघांचे आवाज येत होते, एकाच सुरात, एकमेकांचं वाक्य पुरं करत. कसला माणूस. पन्नास वर्षं दडवतो. आणि वर तोंड करून येतो. अरे, कालही खोटंच बोलला माझ्याशी. हो ना, असली माणसं...

पहिल्या मजल्यावर तो थांबला. दोन दिवसांत त्याने सगळं सांगितलं होतं, तारखेसकट, पण माफी कुणाचीच मागितली नव्हती. ते राहूनच गेलं होतं. त्याने वर पाहिलं. आत्ता जाऊन हात जोडले तर दोघं जरा नरमले असते, बसा म्हणाले असते. मग तिघांत शांतता पडली असती, आणि त्या शांततेत ती बावन्न वर्षं पुन्हा त्या दोघांच्या मधे येऊन बसली असती. आत्ता मधे तोच होता, आणि शिव्यांना तो पुरत होता.

वर कुणीतरी काहीतरी बोललं आणि दुसरा मोठ्याने हसला. कोणता हसला हे आवाजावरून कळलं नाही. काजवा माफी तशीच बरोबर घेऊन जिना उतरला.